किसनसिंगचा डावा हात

उमरखेडच्या बाजारातून किसनसिंग तांड्यावर परतला, की बिजलीबाई पिशवी तपासत नसे. नवऱ्याचा डावा हात बघायची. जुना वस्तरा घेताना तो हातावरचे केस काढून धार पाहायचा. मनगटाजवळ गुळगुळीत पट्टा दिसला, की चोरी उघडी.

"आणला ना अजून एक? दाढी एकच अन् वस्तरे पेटीभर."

किसनसिंग खिशातून वस्तरा काढायचा. सकाळी अंगणात चामड्याच्या पट्ट्यावर तो घासायचा आणि त्यानेच गुणगुणत दाढी करायचा. "कोण्या आज्यानं नवरदेव होताना याच्यानंच दाढी केली असंन," म्हणायचा.

यंदा बांधावर पाय मुरगळला आणि त्याचा बाजार बंद झाला. पडल्या पडल्या हातावर केसांचं रान माजलं. बिजलीबाईला ते बघवेना. शेवटी ती एकटीच बाजारात गेली आणि भंगारवाल्याशी भांडून शिंगाच्या मुठीचा वस्तरा घेऊन आली.

किसनसिंग हरखला. पातं उन्हात फिरवत त्याने विचारलं, "धार पाहून घेतली का?"

"थे पाह्याची जागा तं घरीच होती," म्हणत तिने त्याची डावी बाही वर सारली.