चंपाबाईंचा डावा हात आणि माझी सुती दोरी

"अण्णा, बोटं बधिर झाल्यात. सोडा बघू आता," चंपाबाई म्हणाल्या. मी सोडतच होतो. गाठ सुटत नव्हती.

रामनगरच्या लाकूड डेपोत मी दोरखंडांचा स्टोअरकीपर होतो. ओंडका ओढायला कुठली दोरी, ट्रकवर बांधायला कुठली, हे ठरवायचं माझं काम. चंपाबाई आणि त्यांचे यजमान गावोगाव जादूचे खेळ करत. यजमानांना सगळे प्रोफेसर म्हणत. त्यांना एका खलाशाकडून जपानी मासिक मिळालं होतं. त्यात माणसाच्या अंगाभोवती नक्षीसारखे वेढे घालून बांधायची रीत चित्रांत दाखवली होती. तो खेळ उद्या दुपारी लागणार होता. बांधून घेणार होत्या चंपाबाई.

"चमकणारी द्या, लांबून दिसली पाहिजे," प्रोफेसर म्हणाले.

"नायलॉन न्हाई देणार," मी म्हणालो. नायलॉन तेव्हा नवा होता. गाठ घसरते, आणि सरकन ओढला की कातडी भाजते. काथ्या टोचतो. घायपातही टोचतं. राहिलं सूत. पांढरंशुभ्र, मऊ. ओंडके सोडून माणसासाठी कुणी माझा सल्ला विचारला होता, त्यामुळे मी जरा फुशारलोच होतो.

प्रोफेसरांनी तालमीला चंपाबाईंना डेपोतच बांधलं. शेवटची गाठ मला ढिली वाटली. मी तांब्या उचलला आणि तिच्यावर पाणी ओतलं. ट्रक बांधून झाला की आम्ही तेच करतो. सुती दोरी भिजली की आखडते, आणि भार हलत नाही. हात सवयीनं चालला, डोकं मागं राहिलं.

आता चंपाबाईंच्या डाव्या हाताची बोटं जांभळी पडत होती. प्रोफेसर घाबरून नको ते टोक ओढत होते.

"ओढू नका!" मी ओरडलो. मनगट आणि दोरी यांच्यात कसाबसा चाकू सरकवला आणि दोरी कापली. चंपाबाईंनी खिशातला खेळायचा पत्ता काढला आणि डाव्या हाताच्या बोटांत धरला. तो खाली पडला. परत धरला, परत पडला.

"ह्याच हातानं पत्ती लपवत्ये मी, अण्णा. हा गेला तर खायचं काय?"

त्या रात्री मी परत डेपोत आलो आणि तागाची दोरी काढली. बैलाच्या मानेला व्रण पडू नये म्हणून आमच्याकडे नवी दोरी करतात तशी केली: उकळली, ताणून वाळवली, जाळावरून भरकन फिरवून कुसं जाळली, तेलाचा हात फिरवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती घेऊन गेलो. चंपाबाईंनी माझ्यापुढं स्टूल ठेवलं.

"बसा. आधी तुमचे हात."

माझे दोन्ही हात बांधून त्या निवांत चहा प्यायला बसल्या. मी घामाघूम. मध्येच विचारलं, "अक्का, हात कसा हाय?"

कप खाली ठेवून त्यांनी एक टोक ओढलं, दोरी सैल होऊन मांडीवर पडली. मग डावा हात माझ्या कानामागं गेला आणि बदामची राणी घेऊन आला.

"चालंल ही दोरी," त्या म्हणाल्या.

ओंडक्यासाठी दोरी निवडताना ती किती धरते ते बघावं. माणसासाठी निवडताना ती किती लवकर सोडते ते बघावं. त्या दुपारी खेळ मी पहिल्या रांगेतून पाहिला. तांब्या डेपोत कुलपात ठेवून गेलो होतो.