कुवेत चार तासांवर

बाहत्तरच्या दुष्काळात परभणीकडचं गाव सुटलं, तेव्हापासून मुक्ताबाई तुर्भ्याच्या दगडखाणीत खडी फोडत होती. नवरा गंगारामही तिथंच. एकुलती एक मीना तेव्हा दहा वर्षांची. तिलाही घमेलं उचलायला लावा, असं गंगारामचा धाकटा भाऊ मारोती म्हणाला, तेव्हा मुक्ताबाईनं त्याला सुनावलं, "दगड फोडाया मी एकली पुरी हाय. पोरगी साळंत जाईल."

मीना शिकली, नर्स झाली आणि कुवेतच्या इस्पितळात नोकरीला निघाली. पोरगी समुद्रापार धाडतात का, म्हणून भावकीनं नाकं मुरडली. मुक्ताबाईनं लेकीला एवढंच विचारलं, "आमाला काय झालं, तर याया किती येळ लागंल?"

"पावणेतीन हजार किलोमीटर आहे, आई. पण विमान चार तासांत मुंबईला टेकतं."

"आन् परभणीची यष्टी?"

"तिला अख्खी रात्र लागते की."

"मंग कुवेत जवळच हाय. जा तू."

दोन वर्षांनी, धुळीनं छाती भरलेला गंगाराम एका सकाळी गेला. मुक्ताबाईनं औषधाच्या दुकानातून कुवेतला फोन लावून घेतला. पलीकडं मीना आधी रडली, मग दुपारी परत फोन करून म्हणाली, "उद्या सकाळचं विमान मिळालं. दुपारपर्यंत पोचते. आई, माझ्यासाठी थांबवशील ना?"

घरी मारोतीनं सगळं ठरवून टाकलं होतं. त्याचा मुलगा सुभाष परभणीला नोकरीला होता.

"सुभाष रातच्या यष्टीनं निघतोय. सकाळी आला की लगेच उचलू. आग त्योच दील."

"मीनी दुपारी येतीया. आग ती दील."

"कुवेत लांब हाय, वैनी. तवर मातीला कशाला खोळंबवायचं? आन् पोरीनं आग दिलेली बघितलीय का कुनी?"

"न्हाई बघितली. उद्या बघतील."

बर्फाच्या लाद्या तिनंच आणवल्या. पुरुषमंडळी बाहेर कुजबुजत होती, लाद्या कुठवर टिकणार म्हणून. शेजारची बायजाबाई चहाची किटली घेऊन आत येता येता मोठ्यानं म्हणाली, "पुतन्यासाठी बर्फ टिकतो, आन् लेकीसाठी वितळतो व्हय?"

दुसऱ्या दिवशी सकाळ झाली, सुभाष आला नाही. उन्हं वर आली. मारोती सारखा नाक्यापर्यंत जाऊन परत येत होता. शेवटी निरोप आला, की यष्टी घाटात बंद पडलीय. लगेच उचलू म्हणणारा मारोती आता उचलायचं नावच काढेना. मुक्ताबाई नवऱ्याच्या उशाशी बसून होती.

दुपारी खाडीपुलावरून आलेली टॅक्सी वस्तीच्या तोंडाशी थांबली. मीना धावतच आत आली, बापाच्या पायांवर पडली. मुक्ताबाईनं तिला रडू दिलं. मग डोळे पुसून दिले, आपल्या हातानं तिचा पदर खोचला. भंतेजींनी त्रिशरण-पंचशील दिलं. तिरडी बांधून तयार होती.

मारोती घसा खाकरून पुढं झाला. "वैनी, सुभाष संध्याकाळपत्तुर येतोच हाय. जरा थांबलो तर…"

मुक्ताबाई उठली. फुटक्या नखांचा हात तिनं तिरडीच्या बांबूवर ठेवला.

"परभणी लांब हाय, भावजी. तवर मातीला कशाला खोळंबवायचं? मीने, पुढं हो. उचला रं!"