जावईबापूंचं माशाचं तेल

एकोणीसशे साठच्या आसपास सासऱ्यांचा छातीचा त्रास सुरू झाला. अमरावतीत पूजा सांगायला निघाले की ते मध्येच थांबत, डावा हात चोळत उभे राहत. डॉक्टरांनी तूप आणि तंबाखू बंद केली, रोज सपाट रस्त्यानं हळूहळू चालायला सांगितलं. पुन्हा जोराची कळ आली तर काही सांगता येत नाही, हे त्यांनी आम्हाला बाजूला घेऊन सांगितलं.

तेवढ्यात अकोल्याहून नणंदेचे यजमान आले. त्यांचं औषधांचं दुकान होतं. पिशवीतून माशाच्या तेलाची बाटली काढून म्हणाले, "मामाजी, हृदयासाठी एक नंबर! रक्त पातळ राहते."

हेच तेल त्यांनी आधी माझ्या मुलीच्या हाडांसाठी आणलं होतं, जावेच्या डोळ्यांसाठीही आणलं होतं. माझ्या मनात पाल चुकचुकली. डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "हाडांचं ठीक. हृदयाचं मला ठाऊक नाही. घ्यायचं तर घ्या, पण तूप नको."

जावयाचा शब्द मोडायचा कोणी? पण भिक्षुकाच्या घरात मासा! सासूबाईंनी बाटली न्हाणीबाहेरच्या कोनाड्यात ठेवली. सासरे नाक दाबून चमचाभर घेत, चूळ भरत आणि देवघरात जात. सासूबाईही मागोमाग जात.

छातीचा त्रास कमी होईना. उलट वाढलाच. तेल घेतल्यावर देवघरात इतका वेळ कशाला, म्हणून एका सकाळी मी आत डोकावले. सासऱ्यांनी तुळशीचं पान तोंडात टाकलं आणि तुपाची वाटी ओठाला लावली.

"हे काय, मामंजी?"

"शुद्धी," ते म्हणाले. "माशाचं पोटात गेलं, त्यावर गाईचं तूप नको?"

"डॉक्टरांनी तूप बंद केलंय ना?"

"जेवणातलं बंद केलं," सासूबाई म्हणाल्या. "हे जेवण आहे काय? तुले शास्त्रातलं काय कळते!"

"शास्त्रातलं नाही कळत. पण पोळीवरचं तूप कोणतं अन् शुद्धीचं कोणतं, हे छातीला कोण सांगणार?"

सासरे वाटी खाली ठेवत म्हणाले, "पण जावईबापूले काय सांगू?"

"सुनेच्या हातून सांडली म्हणा."

मी बाटली मोरीत ओतली. मासा नाही, तर शुद्धी नाही, आणि शुद्धी नाही, तर तूप नाही.

दिवाळीपर्यंत सासरे न थांबता पूजेला जाऊ लागले. तूप सुटल्यामुळे, चालण्यामुळे की आपसूकच, हे मी खात्रीनं सांगत नाही. नणंदेच्या यजमानांना मात्र पक्की खात्री होती.

"पाहा, म्हटलं नव्हतं? तेलानं गुण आला!"

बाटली सांडल्याचं त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. जावईबापूंनी पुन्हा पिशवीत हात घातला, तशी मी उठले.

"राहू द्या," मी म्हटलं. "गुण आला ना? मग आता कशाला?"