पिशवी घरी ठेवली

बाळांनो, "आजी, आज किती चाललीस?" असं तुम्ही फोनवर विचारता आणि मी विषय बदलते. आता खरं सांगायला हवं, कारण तुमच्याकडे यायचं तिकीट काढायचं आहे आणि डॉक्टर म्हणतात, रोज अर्धा तास चालता आलं तरच एवढा लांबचा प्रवास करा.

पहिल्या सकाळी बोरगाव मेघेच्या रस्त्यावर रिकाम्या हाताने निघायचा मला संकोच वाटला. म्हणून कापडी पिशवी घेतली. शंभर पावलंही झाली नसतील, तोच शेजारच्या वहिनींनी स्कूटी थांबवली. "काकू, बाजारात ना? बसा मांगं, मी तिकडेच जाऊन राह्यली." नाही म्हणणं बरं दिसेना. मी बसले, कोथिंबीर घेतली आणि ऑटोने परतले. चार दिवस हेच झालं. फ्रिजमध्ये कोथिंबीर साचली. तिकिटाच्या काळजीने मी दिवसभर तारखा मोजायला कॅलेंडरपाशी जायची, खुर्चीत बसायची, पुन्हा उठायची.

पाचव्या दिवशी पिशवी खिळ्यालाच राहू दिली. वहिनी थांबल्याच.

"आज पिशवी काऊन नाई?"

"बाजारात जायचंच नाही. नुसतं चालायचं आहे."

"मंग चार दिवस काऊन बसल्या गाडीवर?"

त्या हसत पुढे गेल्या.

अजून वीस मिनिटांतच पोटऱ्या भरून येतात. तिकीट काढलेलं नाही, आणि त्या विचाराने पहाटेच जाग येते. पण त्या दिवसापासून सकाळचं चालणं एकदाही चुकलेलं नाही.