भागिरथीबाईंची हिरवी मोटार

उत्तमरावांनी मोटारीसाठी नाव नोंदवलं तेव्हा त्यांची धाकटी लेक रांगत होती. ती दुसरीत गेली आणि १९७१च्या दसऱ्याआधी देवळाली प्रवऱ्याला नगरच्या दुकानाचं पत्र आलं. नंबर लागला होता. आठ दिवसांत रंग कळवायचा होता.

त्या पत्रानं घर ढवळून निघालं. वडील आप्पासाहेब म्हणाले, काळी घ्या, साहेबलोकांची असते तशी. उत्तमरावांना पांढरी हवी होती. धाकटा भाऊ गोरक्ष निळ्यावर अडून बसला. गोठ्यात, कालव्यावर, ताटावर, तिघं भेटले की रंगाचीच बोलणी. उत्तमरावांची बायको भागिरथीबाई वाढता वाढता ऐकत होत्या. त्यांना कुणी विचारलं नव्हतं आणि त्याचं त्यांना नवलही वाटलं नाही. लग्नाला सोळा वर्षं झाली, त्यांची लुगडीसुद्धा उत्तमरावच आणत; येईल त्या रंगाचं त्या नेसत. पोळ्याला बैलांची शिंगं मात्र त्याच रंगवत, आणि त्यांची जोडी मिरवणुकीत लांबून ओळखू येई.

सातव्या दिवशीही काही ठरेना, तेव्हा आप्पासाहेबच वैतागले. ‘‘सूनबाईला घेऊन जा. ती म्हनंल ती आना.’’

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं नवराबायको नगरला निघाले. खिडकीशी बसून भागिरथीबाई समोरून येणारी एकूण एक गाडी मान वळवून बघत होत्या. 

दुकानदारानं रंगांचं कार्ड उत्तमरावांच्या हातात दिलं, त्यांनी ते बायकोपुढे धरलं. नखाएवढाले ठिपके. आतल्या दिव्याखाली सगळेच सारखे दिसत होते. भागिरथीबाई ते घेऊन सरळ बाहेर रस्त्यावर उन्हात जाऊन उभ्या राहिल्या. येणारेजाणारे बघायला लागले, तरी त्या हलल्या नाहीत. कार्ड तिरकं करून, लांब धरून, डोळे बारीक करून बघत राहिल्या. मग त्यांचं बोट एका ठिपक्यावर टेकलं. फिका हिरवा, उसाच्या कोवळ्या पात्यासारखा.

‘‘उसात उभी केली तर सापडायची न्हाई,’’ उत्तमराव म्हणाले. त्या हसल्या, पण बोट उचललं नाही.

दुकानदार म्हणाला, हिरवीला चार महिने लागतील. पांढरी या आठवड्यात नेता येईल. उत्तमरावांचा चेहरा उजळला. ‘तुमी म्हनाल तसं’ हे नेहमीचं उत्तर भागिरथीबाईंच्या ओठांवर आलं, आणि त्यांनी ते गिळलं.

‘‘सात वरीस थांबलो. आनखी चार महिनं थांबू. पन हिरवीच घ्या.’’

उत्तमराव दुकानदाराकडे वळले. म्हणाले, ‘‘लिहा. हिरवी.’’

माघात गाडी आली. नगरहून येताना भागिरथीबाई पुढं बसल्या होत्या, आणि खिडकीतून हात बाहेर काढून दारावर टेकवलेला तळवा त्यांनी हलवला नाही. पत्रा तापला तरी नाही. घराच्या दारात माणसांची ही दाटी झाली. आप्पासाहेबांनी काठी टेकत गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि जमलेल्यांना सांगून टाकलं की रंग आपणच सुचवला. गोरक्षनं वहिनीकडे बघितलं. पण वहिनीचं तिकडं लक्ष नव्हतं. शेजारच्या छबूबाई, बायडाबाई आणि आपल्या पोरी त्यांनी मागं दाटीवाटीनं बसवल्या होत्या. शिर्डीला जायचं होतं.

जेवून निघायचं का, असं उत्तमरावांनी विचारलं.

‘‘आल्यावर,’’ त्या म्हणाल्या आणि पुढं जाऊन बसल्या.