सीट सोडण्याआधी

फोन ढोकेकाकूंचा होता. मी भातकुलीच्या शाळेच्या मैदानावर, तोंडात शिट्टी, समोर मुलींचा खो-खो रंगात आलेला. काकू फोनवर कधी लांबण लावत नाहीत. "तुहे भाऊ गेले वं, वर्षा," म्हणाल्या. सकाळी नेहमीसारखे दुकान उघडायला गेले, शटर अर्धं उचललं आणि तिथंच पायरीवर बसले, ते उठलेच नाहीत. पुढं काकू त्या शटरबद्दलच बोलत राहिल्या, ते अजून अर्धंच आहे, ओढायला कुणी नाही... शिट्टी वाजवायचं माझ्या लक्षातच राहिलं नाही आणि मुली आपल्या पळतच राहिल्या. त्याला आता दीड महिना होत आला. अकोल्याला जाऊन आले, त्यांना शेवटचं पाहून आले, तरी घरात काही मोडलं की तोंडात पहिलं नाव त्यांचंच येतं आणि मग दिवसभर कशात मन लागत नाही.

भाऊ म्हणजे काकूंचे यजमान, सुरेश ढोके, आमच्या राज्याच्या सायकलिंग संघाचे मेकॅनिक. अकोल्यात सायकलचं दुकान, आणि राष्ट्रीय स्पर्धा आली की दुकानाला कुलूप. आम्ही रस्त्यावर शर्यतीत सायकली पळवायचो तेव्हा मागून भाड्याची जीप यायची, टपावर सुटी चाकं बांधलेली, आणि मागच्या सीटवर एक चाक मांडीवर घेऊन भाऊ. कुणाचं चाक पंक्चर होऊन बसलं की जीप थांबायच्या आत उडी. अंगानं जाड, पण उडी अशी की बघणारा चाट पडावा. कपड्यांचे भारी शौकीन, ग्रीसच्या कामालासुद्धा इस्त्रीचा शर्ट लागायचा. गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा धरलेला, त्यामुळं निम्मं बोलणं हुंकारात. आणि रुसायचे तर असे की नव्या नवरीनं शिकावं. शर्यतीच्या आदल्या दिवशी आम्ही आमच्याच सायकलला हात लावलेला त्यांना खपायचा नाही. "हात नको लावू तिले, सर्दी होते," म्हणायचे. मी अमरावतीची, मोर्शी रोडवर घाम गाळून तयार झालेली, तोंडानं फटकळ. आमचं पहिल्या दिवसापासून जमलं ते भांडणातच.

माझी शेवटची शर्यत दक्षिणेकडच्या एका घाटात होती. त्या वर्षी मी चांगल्या फॉर्मात होते, देशाच्या शिबिराला माझं नाव जाणार असं सगळेच म्हणत होते. घाटमाथ्यावर आम्ही तिघी पुढं निघालो आणि नेमकं तिथं माझं मागचं चाक बसलं. हवा भरलेलं चाक ब्रेकच्या रबरांमधून आत जात नाही, म्हणून ब्रेकजवळची एक छोटी कळ उघडून रबरं फाकवायची, चाक घालायचं आणि कळ परत लावायची. भाऊंनी झेप घेतली, चाक बसवलं, सीटला धरून मला असा धक्का दिला की मी जवळजवळ उडालेच. पुढच्या दोघी अजून दिसत होत्या. उतार सुरू झाला, पहिल्या वळणावर मी ब्रेक दाबला आणि मागच्या ब्रेकची मूठ थेट हँडलला टेकली, चाकाला काहीच लागलं नाही. घाबरून पुढचा आवळला आणि सायकल आडवी झाली. मांडीचं हाड मोडलं. पुन्हा शर्यतीच्या सायकलवर मी बसले नाही.

रस्त्यावर खडी होती, पोरगी घसरली, असं सांगून संघाचे मॅनेजर मोकळे झाले होते. भाऊंनाही तेच सांगायला बजावलं होतं. ते दवाखान्यात आले, माझ्या खाटेच्या पायथ्याशी उभे राहिले, सगळ्या संघादेखत म्हणाले, "खडी-बिडी काई नव्हती. कळ मीनंच उघडी ठेवली." शर्ट चुरगळलेला होता. त्यांना तसं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. मी म्हटलं, जाऊ द्या भाऊ. लोकांना वाटलं, पोरीचं मन केवढं मोठं! मन वगैरे काही नव्हतं, मला ते समोर नको होते, एवढंच. ते अकोल्याला गेले आणि त्यांनी शर्यतीच्या सायकलला हात लावणं बंद केलं. दुकानात शाळेच्या पोरांच्या सायकली तेवढ्या दुरुस्त करायचे.

राग माझ्यात मुरत राहिला. पुढं काही वर्षांनी, शाळेत खेळाच्या शिक्षिकेची नोकरी लागल्यावर, एकदा अकोल्याला काम होतं आणि पाय आपोआप त्यांच्या दुकानाकडे वळले. मनात होतं ते सगळं तिथं उभ्याउभ्या बोलून घेतलं. तुमच्या एका कळीनं माझं आयुष्य दुसरीकडंच नेऊन टाकलं, आणि वर तुमच्यासाठी मला चांगलं वागावं लागलं, असं बरंच काही. त्यांनी हवेचं मशीन बंद केलं, पूर्ण ऐकलं, मग स्टूल पुढं सरकवलं. "बस वं. उभ्यानं पाय दुखन तुहा." मी बसले. फडक्याला हात पुसत म्हणाले, "मी वाट पाहून राहिलो होतो, तू कधी बोलशीन म्हून." काकूंनी चहा आणला. त्या दिवशी मला त्यांची कीव आली नाही, माया आली, आणि ती शेवटपर्यंत टिकली. त्यांची टोचणी मात्र माझा राग ऐकून संपली नव्हती. आपल्या हातून सुटलेली सायकल खाली धड पोचेल का, हा एकच प्रश्न त्यांना खात होता.

मी राज्याच्या संघातल्या मुलींना सायकलिंग शिकवायला लागले तेव्हा हट्टानं त्यांना परत संघात आणलं. ते आले, पण एक अट घालून. चाक बदललं की ते सीट घट्ट धरून ठेवणार आणि विचारणार, "ब्रेक लागला काय?" मुलीनं दोन्ही ब्रेक दाबायचे आणि तोंडानं म्हणायचं, "लागला." मगच सीट सुटणार. इतर संघांचे मेकॅनिक हसायचे, पुढच्यांनी वेग वाढवला की आमच्या पोरींना ओरडावंसं वाटायचं. "तू बोलल्याबिगर मी नाई सोडत," एवढंच त्यांचं उत्तर. एका राष्ट्रीय स्पर्धेत आमची पोरगी घाईत उत्तरच देईना, भाऊ सीट सोडेनात, आणि तेवढ्यात पदक गेलं. पोरगी ढसाढसा रडली. त्यानंतर संघटनेनं त्यांना बोलावणं बंद केलं. मी भांडले, उपयोग झाला नाही. त्यांनी माझी समजूत घातली, "रडू दे तिले. घरी तं धड गेली ना." पण त्या स्पर्धेहून परतताना खर्ऱ्याची पुडी तशीच खिशात राहिली होती...

मग डिस्क ब्रेकच्या सायकली आल्या. त्यांना ती कळच नाही. भाऊंच्या प्रश्नाला काही अर्थ उरला नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं. दरम्यान मूत्रपिंडं बिघडली, डायलिसिस सुरू झालं. मी शेवटची भेटले ती दवाखान्यात. वॉर्डातल्या माणसानं चाकाची खुर्ची आणली आणि भाऊ बसेनात. "ब्रेक लागला काय?" त्याला काही कळलं नाही, तो म्हणाला, बसा ना काका, उशीर होऊन राहिला. मी वाकून खुर्चीचा खटका दाबला आणि म्हटलं, "लागला, भाऊ." तेव्हा बसले. बसल्यावर माझ्या हातावर थोपटलं, दुसरीकडं बघत.

गेल्या रविवारी काकूंनी बोलावलं. दुकान रिकामं करायचं होतं. आतल्या खोलीत भिंतीला माझी सायकल टांगलेली होती, त्या घाटातली. ती कधीच भंगारात गेली असं मी समजत होते. वाकलेला भाग त्यांनी सरळ केला होता, रंगाचे टवके तसेच ठेवले होते, आणि मागच्या ब्रेकची ती कळ बंद करून तारेनं गुंडाळली होती, कुणाला उघडताच येऊ नये अशी. टायरमध्ये हवा होती. जायच्या आदल्या दिवशीच भरली होती, काकू म्हणाल्या, दर आठवड्याला भरायचे. "घेऊन जा तिले," त्या म्हणाल्या, "मी कायले ठेवू?"

बाहेर रस्त्यावर आणून मी पाय टाकला. मोडलेला पाय वर न्यायला जरा वेळ लागला. एवढ्या वर्षांनी त्या सीटवर बसले होते. पुढं सरकायला गेले तर सायकल जागची हलेना. वळून पाहिलं, काकूंनी दोन्ही हातांनी सीट धरून ठेवली होती. माझ्या तोंडाकडं बघत होत्या.

मी दोन्ही ब्रेक दाबले. "लागला, काकू," म्हटलं.

मग त्यांनी सीट सोडली.