डब्यातलं पिल्लू

माळ्यावर परवा जुना जेवणाचा डबा हाताला लागला आणि गडमुडशिंगीची आमची विहीर आठवली. दोन हजार सालच्या आसपास मी कोकणात समुद्री कासवांच्या अंड्यांची राखण करायला आठवडाभर गेलतो. निघताना चुलते म्हणाले, "येताना एक कासव आण की. इहिरीत सोडूया, पाणी नितळ ऱ्हातंय." ही पिल्लं खाऱ्या पाण्यातली, एकही उचलायचं नाही, हे तिथं पहिल्याच दिवशी बजावलं होतं. तरी शेवटच्या सकाळी एवढी पिल्लं लाटांकडं धावताना बघून वाटलं, एकानं काय होतंय? ओल्या वाळूसकट एक डब्यात घातलं. विहिरीत सोडल्यासोडल्या ते वल्ह्यांसारखे पाय मारत, दगडांना धडकत गोल गोल फिरायला लागलं. समुद्र शोधत होतं. चुलते खूश, "बघ, कसं रमलंय!" मी "व्हय" म्हणालो. चौथ्या दिवशी ते उताणं तरंगत होतं. चुलत्यांनी बादलीनं काढलं आणि म्हणाले, "पुढच्या खेपंला जरा मोठं आण." मी तेव्हाही "व्हय"च म्हणालो. आता शाळांत कासवांवर बोलायला जातो. एखादं पोरगं हमखास विचारतं, "सर, आमच्या इहिरीत सोडलं तर जगंल का ओ?" नाही, म्हणतो. तुम्हाला कसं ठाव, असं अजून एकानंही विचारलेलं नाही.